गावपळणीची तालीम

खाजणवाडीत गुरुदास तारीला कोणी गुरुदास म्हणत नाही. त्याला 'जपान' म्हणतात. "जपान इलो काय रे?" असं पारावर कोणी विचारलं तर नवख्या माणसाने दचकू नये. कणकवलीकडच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून मोटरसायकलवरून धूळ खात परतणारा, चाळिशी ओलांडलेला, कपाळ वरवर चढत चाललेला हा एक गृहस्थ, त्याचीच ती चौकशी असते.

नाव पडायचं कारण सरळ आहे. मुंबईला शिकत असताना याने प्रबंध लिहिला तो जपानच्या परराष्ट्र धोरणावर. गाबताच्या, म्हणजे मासेमाराच्या पोराने बांगड्या-पेडव्यांवर लिहावं, बंदरांवर लिहावं, ते सोडून टोकियो! बरं, लिहिलं ते लिहिलं, कपाटात ठेवून गप्प बसावं की नाही? पण हा पडला मास्तर. कोणी पारावर विडी शिलगावली की याचं सुरू. "लढाई हरल्यावर जपानने ठरवलं, आता बंदुकीच्या जोरावर काही करायचं नाही. मग जगात वट राहणार कशी? तर धरणं बांधून द्या, बंदरं द्या, रेल्वे द्या. आणि खरी मेख ऐका. ते मागितल्याशिवाय देत नाहीत. ज्याला हवं त्याने रीतसर मागायचं. सगळं धोरण त्या मागणीवर उभं आहे."

एकदा त्याची आई सत्यवती हे ऐकत होती. रिकामी पाटी काखेत, पदराला माशाचा वास, आणि डोकं तापलेलं. ती पारासमोर उभी राहून म्हणाली, "मगे माग मरे तू! इतकी वर्षां जपान जपान करतंस, तेंच्याकडे एक बर्फाचा घर माग. निदान आमची मासळी तरी वाचात."

पारावर हशा पिकला. पण बाई थट्टा करत नव्हती. खाजणवाडीत बर्फ नाही. तो येतो मालवणातून, टेम्पोने, आणि टेम्पोवाला येतो त्याच्या मर्जीने. वीज गेली, टायर बसला, सासुरवाडीला लग्न निघालं, की बर्फ नाही. मग रापणीच्या जाळ्याला लागलेला बांगडा उन्हं चढेपर्यंत मऊ पडतो आणि बाजारात गिऱ्हाईक कल्ला उघडून बघतं, नाक मुरडतं आणि पुढे जातं. सत्यवती गावातल्या मासे विकणाऱ्या बायकांच्या संस्थेची अध्यक्ष. सगळ्यांची बोलणी तिला ऐकावी लागत. ती तरी काय करणार बिचारी?

आईचं बोलणं गुरुदासला लागलं आणि त्याने खरंच मागितलं. जपान सरकारच्या पैशावर चालणारा 'सागरमैत्री निधी' नावाचा एक प्रकार त्याने शोधून काढला. किनाऱ्यावरच्या छोट्या गावांना मदत करून दोन देशांतला स्नेह वाढवायचा, असं त्यांचं म्हणणं. पलीकडे चीनचा दबाव वाढतोय, जपानला या समुद्रात मित्र हवेत, म्हणून हा सगळा जिव्हाळा, हे गुरुदासला पक्कं ठाऊक होतं. असेना का! त्यांना मित्र हवेत, आम्हाला बर्फ हवा. त्याने अर्ज लिहिला. परत आला, परत लिहिला. सातबारा, ठराव, नकाशे, फोटो. दोन वर्षं या माणसाने दुसरं काही केलं नाही. बायको म्हणायची, जपानातच एक घर बघा आता.

आणि एके दिवशी निधीच्या मुंबई ऑफिसातून फोन आला. बोलणारी आकांक्षा, मूळची पुण्याची, जपानी शिकून तिथे लागलेली. "सर, टोकियोहून मोरितासान येतायत. तुमचं गाव बघून त्या शिफारस करतील. डिसेंबरात येऊ." गुरुदासने फोन ठेवला आणि अंगणात उभ्या उभ्या उडी मारली. आईने देवाला नारळ ठेवला.

तो नारळच महागात पडला, असं गुरुदास पुढे कितीतरी दिवस म्हणत होता.

कारण देवाने गावपळण दिली. आता हे मालवण तालुक्याबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्या इकडच्या काही गावांत तीन-चार वर्षांनी एकदा ग्रामदेवतेला कौल लावतात. देवाने कौल दिला की अख्खं गाव घरंदारं सोडून वेशीबाहेर जातं. माणसं जातात, गुरं जातात, कुत्री-मांजरं, कोंबड्या, झाडून सगळं. तीन दिवस, तीन रात्री गावात चूल पेटत नाही, देवळाची घंटा वाजत नाही, पाऊलसुद्धा पडत नाही. ते दिवस देवाचे. वेशीबाहेरच्या माळावर माडाच्या विणलेल्या झापांच्या खोपी उभ्या राहतात आणि लोक तिथे रांधतात, भजनं म्हणतात, पत्ते कुटतात. म्हाताऱ्यांना हवापालट, पोरांना शाळेला सुट्टी. कोणाला त्रास म्हणून वाटत नाही.

यंदा वाटला तो एका गुरुदासला. मोरिताबाई ज्या दिवशी येणार तो दिवस नेमका गावपळणीचा मधला दिवस होता.

तो तडक सहदेवतात्यांकडे गेला. तात्या देवस्थानचे मानकरी, कौल लावायच्या वेळी देवापुढे गाऱ्हाणं घालतात ते हेच. सुपारी कातरत बसले होते.

"तात्यानू, गावपळण चार दिवस फुडे ढकला."

"मी ढकलतलंय? कौल देवान दिल्यान."

"मगे देवाक परत इचारा."

तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "अरे मेल्या, कौल म्हणजे काय रेल्वेचा तिकीट? रद्द करून दुसरा काढूक?"

"गावाचा बर्फघर जाईत तात्यानू! दोन वर्षां घासलंय मी!"

"जाईत कित्याक? तेंका खरा सांग. देवाचे दिवस आसत, चार दिवसांनी येवा म्हणान. माणसांच ना ती? तेंकाय देव असतलेच."

गुरुदासने कपाळावर हात मारला. आता या म्हाताऱ्याला परराष्ट्र धोरण कसं शिकवायचं? टोकियोच्या बाईला सांगू, की आमच्या देवाने आम्हाला घराबाहेर काढलंय, सबब तुम्ही नंतर या? शिकलेला माणूस म्हणून ज्या अर्जाखाली त्याने सही केली होती त्याची काय अब्रू राहील? कॉलेजच्या स्टाफरूममध्ये गावपळणीवरून त्याने आधीच पुष्कळ ऐकून घेतलं होतं. "काय तारी सर, देवाने नोटीस दिली वाटतं?" तेव्हा त्यांच्याबरोबर तोही हसला होता. हसण्यावारी नेलं की सुटका होते ना!

त्याने आकांक्षाला फोन लावला. "मॅडम, तारीख चार दिवस पुढे जाईल का?"

"का हो सर?"

"गावात जरा... स्थानिक अडचण आहे."

"भांडण वगैरे आहे का?"

"छे छे. अशीच, स्थानिक."

"तेवढ्यासाठी मी कसं सांगू सर? मोरितासान गोव्यातलं काम उरकून तुमच्याकडे येणार आहेत. जानेवारीत टोकियोत बैठक. काही ठोस कारण असेल तर सांगा, मी बोलते त्यांच्याशी."

ठोस कारण जिभेवर आलं होतं हो. अगदी टोकाशी. पण तिथेच ते चिकटलं आणि त्याच्या जागी दुसरंच बाहेर पडलं. गुरुदासचं डोकं ऐन वेळी भलतं चालतं. जपान म्हणजे भूकंप, जपान म्हणजे त्सुनामी, आपत्तीला तोंड कसं द्यावं हे जगाला शिकवणारा देश. हे त्याच्या प्रबंधात एक अख्खं प्रकरण होतं.

"मॅडम, त्या दिवसांत आमच्याकडे तालीम असते. समुद्र खवळला, लाट आली, तर गाव रिकामं कसं करायचं याची. सगळं गाव बाहेर येतं. आमच्या बोलीत तिला गावपळण म्हणतात."

 आकांक्षा जवळजवळ ओरडलीच. "म्हणजे लोक स्वतःहून करतात? सरकारने न सांगता?"

"पिढ्यान् पिढ्या," गुरुदास म्हणाला. एवढं मात्र खरं होतं.

"सर, मग तारीख बदलायचीच नाही! मोरितासानना हे बघायलाच हवं."

फोन ठेवल्यावर गुरुदासला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. सापही मेला आणि काठीही शाबूत. घरी येऊन त्याने आईला एवढंच सांगितलं, की पाहुणे माळावरच येतील. कसं जमवलंस, हे तिनेही विचारलं नाही.

ठरल्या दिवशी गाडी तोंडवलीच्या बाजूने आली आणि व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या अलीकडच्या माळावर थांबली. मोरिताबाई उतरल्या, मागोमाग दुभाषी म्हणून आकांक्षा. बाई पन्नाशीच्या, बारीक, पांढरे होत आलेले केस आखूड कापलेले, पायात दणकट बूट. त्यांनी समोर दिसेल त्याला कमरेत वाकून नमस्कार केला आणि आमच्या लोकांनीही हौसेने वाकून परत केला. बराच वेळ ते एकमेकांना वाकणंच चाललं होतं.

मग बाई फिरू लागल्या. झापांच्या खोपींची रांग, कडेला बांधलेली गुरं, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या. मथुरा आजीला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणलं होतं, ती खुर्ची त्यांनी हात लावून पाहिली. आजारी माणसांना कोण आणतं, ते आधीच ठरलेलं असतं का, पाणी कुठून भरता, मागे कोणी राहिलं नाही ना हे कोण बघतं? आकांक्षा विचारत होती आणि गुरुदास फडाफडा उत्तरं देत होता. उत्तरं खरीच होती, म्हणून तर जोरात येत होती.

"आदेश कोण देतं?" हा प्रश्न आकांक्षाने थेट सहदेवतात्यांकडे बघून विचारला. तात्यांनी देवळाच्या दिशेने हात जोडले, तोंड उघडणार तोच गुरुदास मध्ये घुसला.

"हे आमचे ग्रामप्रमुख. यांचा शब्द शेवटचा."

तात्यांना थोडं कमी ऐकू येतं. "काय इचारता ती?"

"तुमची तब्येत," गुरुदास त्यांच्या कानाशी लागून म्हणाला.

"बरी आसा म्हणान सांग."

सत्यवती मात्र केव्हाची तिष्ठत होती. पाहुणीला आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ वाढून झाली होती, आता कामाचं बोलायचं होतं. ती पुढे झाली. "बाय, चला, बर्फघराची जागा दाखवतंय," म्हणाली आणि तिथेच थबकली. जागा होती गावात, आणि गावात पाऊल टाकायचं नव्हतं.

"तालीम चालू असताना आत प्रवेश नाही," गुरुदासने घाईने आकांक्षाला बाजूला घेऊन सांगितलं. "शिस्त म्हणजे शिस्त." आकांक्षाने ते जपानीत सांगितलं आणि मोरिताबाईंनी रिकाम्या गावाकडे तोंड करून पुन्हा एकदा वाकून नमस्कार केला.

"बर्फ नाय तर मासळी कुसता गो बाय," सत्यवती हातवारे करत म्हणाली. "सगळी फुकट जाता."

बाईंनी लक्ष देऊन ऐकलं आणि आजची मासळी बघायला मिळेल का, असं विचारलं.

"आज खंयची मासळी? आज होडीच गेली नाय."

तर असं. कुजलेला बांगडा नाही, बाजारातून रडवेल्या तोंडाने परतणारी बाई नाही. समोर हसऱ्या बायका फुगड्या घालतायत. बर्फाची गरज तिथे कोणाला दिसणार होती? सत्यवतीला ते कळत होतं आणि ती चडफडत होती. गुरुदासला वाटलं, सगळं बेस पार पडलं.

जानेवारी सरता सरता फोन आला. "सर, अभिनंदन!" आकांक्षा म्हणाली. "टोकियोत तुमच्या गावाचं इतकं कौतुक झालं! धोक्याची सूचना देणारा मोठा भोंगा, त्याचा मनोरा, माळावर पक्की निवारा शेड आणि वाटा दाखवणारे फलक. सगळं मंजूर. तिकडचे अभ्यासक येणार आहेत तुमच्याकडून शिकायला."

गुरुदासला आधी वाटलं, हे जास्तीचं आहे. "आणि बर्फघर?"

"एका गावाला एकच प्रकल्प असतो ना सर. मोरितासान म्हणाल्या, लोकांनी अर्जात काय मागितलं यापेक्षा ते स्वतः कशासाठी कष्ट घेतात ते बघा. तुम्हाला तर माहीत आहे, नवं धोरण आलंय. आता जपान नुसती मागणीची वाट बघत नाही. बघतो आणि स्वतः सुचवतो."

माहीत होतं की! दोन हजार तेवीस साली ते धोरण आलं तेव्हा गुरुदासने पारावर त्याच्यावर तास घेतला होता. किती दूरदृष्टी, म्हणाला होता. ती दूरदृष्टी फिरत फिरत आपल्याच दारात येऊन बसेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तोही भोंगा घेऊन.

संस्थेच्या बायकांना त्याने सांगितलं तेव्हा आधी कोणाला कळेचना. सारिका नावाची एक तरुण पोर टाळ्यासुद्धा वाजवायला लागली होती. सत्यवतीने तिचे हात धरले.

"भोंगो?" ती म्हणाली. "भोंगो वाजवन बांगडो थंड रवता काय रे?"

"आये, तेंका वाटला..."

"तेंका कशाक वाटला? आमी बर्फ मागलो. दोन वर्षां तू कागद धाडलंस ते काय भोंग्याचे होते? फोन लाव आणि सांग, आमका नको भोंगो."

त्याने लावला. घराच्या मागे जाऊन, विहिरीपाशी उभं राहून. आणि नाइलाजाने का होईना, सगळं सांगून टाकलं. तालीम नव्हती, देवाचे दिवस होते, देव कौल देतो, गाव बाहेर पडतं. बोलताना त्याची जीभ अडखळत होती, वर्गात कधी अडखळली नसेल इतकी.

 आकांक्षा म्हणाली, "सर, मी तुम्हाला ठोस कारण विचारलं होतं."

"हे कारण कसं सांगणार मॅडम? हसले असते लोक."

"कोण हसलं असतं? मोरितासानचं माहेर एका लहान बेटावर आहे. तिथे वर्षातून एका रात्री देव समुद्रातून गावात येतो म्हणून लोक कामं टाकून, दारं लावून घरात बसतात. बाहेर डोकावतसुद्धा नाहीत. परत जाताना गाडीत त्याच मला सांगत होत्या. आणि तुमच्याकडून त्या परत गोव्याला गेल्या, त्या सुट्टीवर. आठवडाभर तिथेच होत्या. देवाचे दिवस आहेत एवढं म्हणाला असतात तर चार दिवसांनी आल्या असत्या. आनंदाने आल्या असत्या हो."

गुरुदासने विचारलं, "मग आता काही...?"

"आता मी खरं कळवलं तर मंजूर झालंय तेही जाईल. आणि पुढे तुमच्या भागातला कुठलाही अर्ज आला की लोक आधी ही गोष्ट काढतील. मी कळवायचं का, तुम्ही सांगा सर."

अर्ज लिहिताना याच्याकडे शब्दांना तोटा नव्हता. आता 'हो' म्हणवेना आणि 'नको'ही म्हणवेना. कळवतो, म्हणून त्याने फोन बंद केला. संताप कोणावर काढायचा तेही समजेना. निधीवर काढावा तर त्यांनी दिलंच होतं. देवावर काढावा तर त्याने ठरल्या रीतीप्रमाणे कौल दिला होता, तो तरी काय जगावेगळं वागला होता? ज्याच्यावर काढायचा तो माणूस विहिरीपाशी एकटाच उभा होता.

आई परसात होती. टेम्पो आज आलाच नव्हता. बाजारातून परत आलेली बांगड्याची पाटी तशीच माडाच्या बुंध्यापाशी ठेवलेली. असली मासळी आमच्याकडे माडाला खत म्हणून पुरतात. नाहीतर करणार काय?

"काय म्हणाली ती?" सत्यवतीने विचारलं.

त्याने सांगितलं. माळावर काय बोलला, फोनवर आधी काय बोलला, बाई थांबल्या असत्या ते, सगळं.  आई भडकेल, मेल्या शिरा पडो तुझ्या तोंडार म्हणेल, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

"खरा सांगूक लाज वाटली तुका?"

त्याने उगाच पाटीवरच्या माश्या हाकलल्या.

"देवाची वाटली, की आमची?"

गुरुदासला उत्तर माहीत होतं, पण ते आईसमोर म्हणण्यासारखं नव्हतं.  सत्यवतीने भिंतीला टेकवलेलं फावडं उचलून त्याच्या हातात दिलं.

"घे. खड्डो मार. खोल मार, कुत्री उकरतत."

तो खणू लागला. ती पाटीतून मूठमूठ बांगडे काढून खड्ड्यात टाकत राहिली.